‘पण उद्या पस्तावली तर?’

उंबरठा (धागाकर्ता)

मंडळी, एरवी मी इथे शब्दकोड्यांच्या धाग्यांपलीकडे फारसा फिरकत नाही. पण गेले तीन आठवडे एकच प्रश्न डोक्यात घोळतोय आणि घरात तो विचारायची सोय नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझी भाची २२ वर्षांची आहे. गेली चार वर्षं ती सांगतेय की आपण मुलगा आहोत. पहिली दोन वर्षं ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तिसरं रडण्यात गेलं. आता टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) सुरू करायचं ठरलंय, म्हणजे भाचीने ठरवलंय. ताईचं एकच पालुपद: "पण उद्या पस्तावली तर? गेलेला आवाज परत येणारे का?" वर मला हुकूम, की तू मामा आहेस, तुझं ती ऐकते, तूच समजाव.

समजवायला बसलो आणि लक्षात आलं की नक्की काय समजवायचं हे मलाच ठाऊक नाही. ‘पस्तावशील’ हे वाक्य खरं आहे की नुसतं वजनदार आहे?

ट्रान्स असणं खरं की खोटं, हा वाद इथे नको. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. सज्ञान माणसाला पुढे कधीतरी पस्तावा होईल, एवढ्या शक्यतेवर आज त्याला उपचार नाकारणं योग्य आहे का? नाकारणं नाही तर थांबवणं? थांबवायचं तर किती?

रोखठोक

ताईंचं बरोबर आहे. बाविसाव्या वर्षी माणसाला काय कळतं? त्या वयात मी जिच्याशी लग्न करायला निघालो होतो तिचं आडनावही आज आठवत नाही. शरीरात कायमचे बदल करणारं औषध मागितलं म्हणून द्यायचं? डॉक्टर म्हणजे दुकानदार नव्हे. ब्रिटनमधल्या केइरा बेलची केस वाचा. सोळाव्या वर्षी वयात येणं थांबवणारी औषधं, सतराव्या वर्षी टेस्टोस्टेरॉन, विसाव्या वर्षी छातीची शस्त्रक्रिया, मग पश्चाताप आणि शेवटी उपचार देणाऱ्या त्याच संस्थेविरुद्ध कोर्टात.

तिरकस

आडनावासाठी +१. मुलगी थोडक्यात बचावली.

निळीशाई

ती केस पूर्ण वाचा, रोखठोक. डिसेंबर २०२० मध्ये हायकोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला. रुग्णाला समजून संमती देता येते की नाही हे डॉक्टरांनी प्रत्येकाला पाहून ठरवायचं, ते कोर्टाचं काम नाही, असं अपील कोर्टाचं म्हणणं होतं. शिवाय तो वाद अल्पवयीन मुलांचा होता. इथे विषय २२ वर्षांच्या माणसाचा आहे.

अस्तर

उंबरठा, आधी एक छोटी गोष्ट. तो चार वर्षं सांगतोय की मी मुलगा आहे, आणि तुमच्या अख्ख्या लेखात तो ‘ती’ आहे. टोमणा मारत नाहीये. पण निदान इथे, जिथे तुमच्या ताई वाचत नाहीत, ‘भाचा’ लिहून बघा. जिभेला वळण लागायला वेळ लागतो, सुरुवात कुठेतरी करावी लागते.

मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला. टेस्टोस्टेरॉन सुरू करून नऊ वर्षं झाली. तिसऱ्या महिन्यात आवाज फुटायला लागला, पाचव्यात पाळी थांबली, धड दाढी यायला तीन वर्षं गेली आणि आता कपाळ मागे सरकतंय. तेही आधी सांगितलेलं होतं, मीच ऐकलं नव्हतं.

पस्ताव्याबद्दल नंतर लिहितो. आधी चाळणीबद्दल. मला मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र मिळायला दीड वर्ष लागलं. दर भेटीत तेच ते प्रश्न. लहानपणी बाहुल्या आवडायच्या का? मला भयंकर आवडायच्या. मी "नाही" म्हटलं. कारण आधी जाऊन आलेल्यांनी पढवून ठेवलं होतं, की बाहुल्या आवडायच्या म्हटलंस तर आणखी सहा महिने गेले समज. शंका माझ्याकडे ढीगभर होत्या. छातीची शस्त्रक्रिया खरंच हवीय का, मूल नको आहे हे आज वाटतंय की कायमचं, दाढी आली आणि मलाच आवडली नाही तर? यातली एकही मी त्या खोलीत बोललो नाही. ज्या माणसाचं कामच माझ्या शंका ऐकायचं, त्याच्याचपासून त्या लपवायच्या. दीड वर्ष पहारा चोख होता, बोलणं मात्र एका अक्षराचं झालं नाही.

पस्तावा टाळण्यासाठी ही व्यवस्था होती म्हणे.

जुनीपानं

अस्तर, ही पढवापढवी फार जुनी आहे. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत विद्यापीठांची लिंगभाव केंद्रं निघाली. जॉन्स हॉपकिन्सचं १९६६ मध्ये उघडलं, १९७९ मध्ये बंद झालं. या केंद्रांकडे ‘खरा’ रुग्ण कसा असतो याचं एक ठरलेलं चित्र होतं. काही वर्षांतच डॉक्टरांच्या लक्षात आलं की सगळ्यांच्या कहाण्या थेट पुस्तकातल्यासारख्या आहेत. असणारच. डॉक्टर जे पुस्तक वाचत होते तेच रुग्णही वाचत होते.

आणि चित्रात न बसणाऱ्याचं काय व्हायचं? लू सलिव्हन हा ट्रान्स पुरुष होता आणि त्याला पुरुष आवडायचे. त्या काळच्या तज्ज्ञांच्या मते हे संभवतच नव्हतं. पुरुष व्हायचंय म्हणजे बायका आवडायलाच हव्यात. खोटं बोलला असता तर दार उघडलं असतं. तो बोलला नाही, म्हणून एका नामांकित केंद्राने त्याला नाकारलं. मग त्याने बाहेरचे डॉक्टर शोधले, १९७९ मध्ये हार्मोन, १९८० मध्ये छातीची शस्त्रक्रिया, १९८६ मध्ये पुढची. शिवाय तज्ज्ञांशी पत्रव्यवहार करून करून त्यांचं मत बदलायला लावलं. १९९१ मध्ये एड्सने गेला. खोटं बोलणारे आत आणि खरं बोलणारा बाहेर, अशी ती चाळणी होती.

रोखठोक

भावनिक गोष्टी ऐकल्या. आकडे कुठे आहेत?

आकडेमोड

हे घ्या. पण शेवटपर्यंत वाचा, पहिल्या ओळीवर नाचू नका.

ॲमस्टरडॅमच्या केंद्राने १९७२ ते २०१५ या काळात आलेल्या ६,७९३ जणांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. जननग्रंथी (अंडाशय किंवा वृषण) काढल्यानंतर पस्तावा झाल्याची नोंद ट्रान्स स्त्रियांमध्ये ०.६ टक्के, ट्रान्स पुरुषांमध्ये ०.३ टक्के. स्वीडनमध्ये १९६० ते २०१० या पन्नास वर्षांत ६८१ जणांनी लिंगाची कायदेशीर नोंद बदलून घेतली, त्यातल्या १५ जणांनी ती परत फिरवण्यासाठी अर्ज केला. म्हणजे २.२ टक्के.

आता या आकड्यांची भोकं. ॲमस्टरडॅमचे बरेच रुग्ण पुढे तपासणीला आलेच नाहीत. पस्ताव्याची व्याख्याही कडक: ग्रंथी काढून झाल्यावर परत येऊन जन्मलिंगाचे हार्मोन मागितले आणि पस्तावा बोलून दाखवला, तरच नोंद. जो गुपचूप औषध सोडून घरी बसला तो हिशेबात नाही. पस्तावा वर यायला सरासरी दहा वर्षांहून जास्त काळ लागला, म्हणजे दोन वर्षं पाठपुरावा करून ‘कोणी पस्तावलं नाही’ म्हणणाऱ्या अभ्यासाला फार किंमत देऊ नये. आणि हे सगळे कडक चाळणीतून आलेले जुने रुग्ण.

उलट बाजूने एक आकडा नेहमी फेकला जातो. अमेरिकी सैन्यदलाच्या आरोग्य व्यवस्थेतल्या नोंदींत चार वर्षांनीही हार्मोन घेणारे सुमारे ७० टक्केच होते. पण ते मोजलं होतं त्या व्यवस्थेतून औषध पुन्हा नेलं की नाही यावरून. बाहेरून औषध घेणाराही त्यात ‘सोडलेला’ ठरतो. आणि औषध सोडणं म्हणजे पस्तावणं नव्हे. अमेरिकेतल्या २०१५ च्या ट्रान्स सर्वेक्षणात कधीतरी माघारी फिरलेल्यांपैकी ८२.५ टक्क्यांनी निदान एक कारण बाहेरचं सांगितलं: घरचा दबाव, नोकरी, छळ, तुटपुंजा पैसा. (ते सर्वेक्षण त्या क्षणी स्वतःला ट्रान्स म्हणवणाऱ्यांचंच होतं. जे कायमचे परतले ते त्यात कसे येतील? हेही लिहून ठेवा.)

माझं मत विचाराल तर प्रमाण कमी आहे हे बऱ्यापैकी भरवशाचं, नेमकं किती कमी ते नाही. आणि शून्य तर नाहीच.

तुलनेसाठी एकच गोष्ट. नसबंदी करून घेतलेल्या स्त्रियांची अमेरिकेत मोठी पाहणी झाली, १९९९ मध्ये छापून आली. शस्त्रक्रियेच्या वेळी ३० किंवा त्याहून कमी वय असलेल्यांत पुढच्या १४ वर्षांत पस्तावा सांगण्याचं प्रमाण २०.३ टक्के, तिशीपुढच्यांत ५.९ टक्के. तेही निरोगी शरीर, तीही कायमची शस्त्रक्रिया. त्या बाईला कोणी मानसोपचारतज्ज्ञांची दोन पत्रं आणायला सांगत नाही.

रोखठोक

अहो, हे उदाहरण तर माझ्या बाजूचं झालं! तरुणपणी पस्तावा तिपटीहून जास्त. म्हणजे वय वाढू द्या. मी तेच म्हणतोय.

आकडेमोड

मान्य, ती बाजू त्यात आहेच. पण त्यावरून तिशीच्या आतल्या बाईला नसबंदी बंद करा असं तुम्ही म्हणाल का? की तिला नीट बसवून सगळं सांगा असं म्हणाल?

रोखठोक

नीट बसवून सांगा म्हणेन. पण सांगणाऱ्याला घाई नको.

नाडीपरीक्षा

मी हार्मोनच्याच शाखेतला डॉक्टर आहे. रोखठोक म्हणतात ‘वय वाढू द्या’. नसबंदी पाच वर्षं पुढे ढकलली तर शरीर आहे तिथेच थांबतं. इथे तसं होत नाही. विशीतल्या ट्रान्स स्त्रीच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं काम चालूच असतं. दाढी दाट होत जाते, टाळूवरचे केस जातात. पुढे इस्ट्रोजेन (स्त्रियांचं हार्मोन) घेऊनही फुटलेला आवाज परत बारीक होत नाही आणि रुंदावलेली हाडं आकसत नाहीत. तिच्यासाठी थांबणं हाही एक उपचारच, फक्त उलट्या दिशेचा. तुमच्या भाच्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, उंबरठा. त्याचं वयात येणं होऊन गेलंय, त्यामुळे सहा महिने थांबल्याने शरीरात फारसं काही नवं बिघडणार नाही. खर्ची पडतात ते दिवस. त्यांची किंमत किती, ते मी बाहेरून सांगू शकत नाही.

ऑस्ट्रेलियात एक नेमका प्रयोग झालाय, २०२३ मध्ये छापून आला. टेस्टोस्टेरॉन सुरू करू इच्छिणाऱ्या ६४ प्रौढांपैकी चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून निम्म्यांना लगेच औषध दिलं, निम्म्यांना तीन महिन्यांनी. लगेच मिळालेल्यांची लिंगभावाची अस्वस्थता, नैराश्य, आत्महत्येचे विचार ठळकपणे कमी झाले. तीन महिन्यांचाच अभ्यास आहे, त्यातून वीस वर्षांनंतरचं काही कळत नाही. पण ‘थांबलं तर नुकसान काहीच नाही’ हे वाक्य मी त्यानंतर वापरणं सोडलं.

‘कायमचं’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, म्हणून हेही सांगतो. टेस्टोस्टेरॉनने आवाज जाड होतो, तो राहतो. दाढीची मुळं राहतात, क्लिटोरिसची वाढ राहते, टक्कल पडलं तर राहतं. पाळी थांबते, पण औषध सोडल्यावर बहुधा परत येते. चरबी आणि स्नायूंची ठेवण बरीचशी मागे फिरते. मूल होण्याच्या क्षमतेवर नेमका किती परिणाम होईल याची हमी कोणीच देऊ शकत नाही, म्हणून स्त्रीबीजं गोठवण्याचं बोलणं औषध सुरू करण्याआधी व्हावं. (आणि पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असं समजू नये. हे दर वेळी सांगावं लागतं.) रक्त दाट होतं, त्याची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. डोस कमी ठेवून सुरू करता येतं. मध्येच थांबता येतं. उडी मारली की गेलो, असं ते नाही. पायऱ्या आहेत, फक्त आवाजाची पायरी लवकर येते, एवढं त्याला माहीत हवं.

शब्दखोर

अवांतर वाटेल, पण नाही.

‘पश्चात्ताप’मध्ये दोन त, रोखठोक. पश्चात् अधिक ताप. आणि या शब्दाला आपल्याकडे प्रायश्चित्त चिकटून येतं. चूक माझी, म्हणून ताप मला. ‘पस्तावा’ त्याचाच घरगुती भाऊ. पण मराठीत याखेरीज किती तरी छटा आहेत. हळहळ असते, ती दुसऱ्यासाठीही वाटते. खंत असते, ती वर्षानुवर्षं बाळगता येते आणि तिच्यासकट माणूस मजेत जगतो. चुटपुट थोडक्यात हुकल्याची. रुखरुख काहीतरी राहून गेल्याची.

डॉक्टरांच्या प्रश्नावलीत हे सगळं एकाच रकान्यात जातं. एखाद्या ट्रान्स पुरुषाला छातीवरच्या व्रणांची हळहळ असेल, मूल न झाल्याची खंत असेल, दहा वर्षं आधी सुरू केलं नाही याची रुखरुख असेल, आणि पस्तावा मात्र नसेल. त्याने कुठल्या रकान्यात खूण करायची?

ताईंच्या मनात जे आहे ते तर यातलं काहीच नाही. ती धास्ती आहे. आणि धास्ती ताईंची आहे, भाच्याची नाही.

अस्तर

शब्दखोर, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. माझं नेमकं हेच आहे. खंत आहे, पस्तावा नाही. मूल झालं असतं तर, हा विचार वर्षातून दोनदा येतो आणि जातो. आणि दहा वर्षांची रुखरुख तर रोजची. ती कोणी मोजत नाही. उपचार न मिळाल्याचा पस्तावा कुठल्या दवाखान्यात जाऊन नोंदवायचा? त्याची फाइलच नसते.

जुनीपानं

आकडेमोड यांनी स्वीडनचे ६८१ जण सांगितले, त्यावर एक जोड. तिथल्या १९७२ च्या कायद्यात लिंगाची नोंद बदलायची तर नसबंदी सक्तीची होती. २०१३ मध्ये ती अट गेली. २०१८ मध्ये सरकारने अशा लोकांना प्रत्येकी २,२५,००० क्रोनर भरपाई द्यायचं ठरवलं. म्हणजे ‘तुम्ही पस्तावाल’ म्हणून तपासण्यांवर तपासण्या करणारी व्यवस्था जी गोष्ट खरोखर परत मिळत नाही तीच सक्तीने काढून घेत होती. पस्ताव्याची काळजी इतकी, तर निदान बीजं साठवू द्यायची.

पोपटपंची

हे सगळं परदेशी फॅड आहे. मुलांना मोबाइल देऊ नका, आपोआप

संपादक

वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे, उरलेला उडवला आहे. त्यावरचे दोन उपप्रतिसादही. धागाकर्त्याने विषय स्पष्ट लिहिला आहे, त्यावर बोला. अल्पवयीन मुलांच्या उपचारांची चर्चा वेगळ्या धाग्यावर न्यावी.

नाडीपरीक्षा

संपादक, फक्त चार ओळी, कारण गल्लत तिथूनच सुरू होते. वयात येणं थांबवणारी औषधं आधी अकाली वयात येणाऱ्या लहान मुलांसाठी आली. नेदरलँड्समध्ये ती ट्रान्स किशोरांसाठी वापरायची पद्धत बसली: साधारण बाराव्या वर्षापासून ही औषधं, सोळाव्या वर्षी हार्मोन, अठरानंतर शस्त्रक्रिया. पुढे फिनलंडने २०२० मध्ये आणि स्वीडनने २०२२ मध्ये मर्यादा घातल्या. एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांचा अहवाल आला, त्यात मुलांच्या या उपचारांचा पुरावा कमकुवत असल्याचं म्हटलं होतं. पुरावा कमकुवत म्हणजे उपचार निरुपयोगी असं नव्हे आणि उपचार चांगला असंही नव्हे. तिथला वाद खरा आहे, मलाही त्यात सगळी उत्तरं सापडलेली नाहीत. पण तो वाद उचलून २२ वर्षांच्या माणसाच्या दारात आणून ठेवायचा नाही.

रोखठोक

मुलांबद्दल डॉक्टरांनी एवढं मान्य केलं, आभारी आहे. प्रौढांबद्दल मी माझं म्हणणं थोडं बदलतो. नाकारू नये. पण मग माघारी फिरणाऱ्यांचं काय? ते तुमच्या लेखी ०.६ टक्के, त्यांच्या लेखी शंभर टक्के.

परतवाट

रोखठोक, त्यांच्यातली एक इथेच आहे. दोन वर्षं नुसतं वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय.

२३ व्या वर्षी टेस्टोस्टेरॉन सुरू केलं, २७ व्या वर्षी सोडलं. शस्त्रक्रिया केली नव्हती. आज मी स्वतःला बाई समजते. बाई, पण फोनवर सगळ्यांची ‘सर’. हनुवटीवरचे केस लेसरने काढतेय, संपत नाहीत. आवाजावर थेरपिस्टकडे काम केलं, बोलण्याची ढब बदलली, तळ तसाच राहिला.

दोन्हीकडचे लोक मला खिशात घालून फिरतात. एका बाजूला मी ‘बघा, फसली’ म्हणून दाखवायची वस्तू, दुसऱ्या बाजूला ‘आमच्या लढ्याचं नुकसान करू नकोस’ म्हणून गप्प करायची. मी बरी होतेय की नाही हे दोघांपैकी कोणी विचारलं नाही.

मला कोणीतरी अडवायला हवं होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय. अडवलं होतं, हेच उत्तर येतं. भरपूर अडवलं होतं. आई पहिल्या दिवसापासून म्हणत होती, पस्तावशील. औषध नको वाटायला लागलं ते दुसऱ्याच वर्षी. तरी पुढची दोन वर्षं घेत राहिले. का? सोडलं असतं तर आई जिंकली असती. ‘पस्तावशील’ म्हणून ठेवलेल्या माणसाला पस्तावायची चोरी असते.

मला अडवणारे खूप भेटले, विचारणारं कोणी भेटलं नाही. म्हणजे असं, की तुला नक्की काय नकोसं झालंय? छाती, की छातीकडे बघणारे लोक? बाई असणं, की बायकांशी जसं वागतात ते? मला स्वतःलाच हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे २६ व्या वर्षी कळलं. कदाचित विचारलं असतं तरी मी तेव्हा अस्तरसारखं पाठ केलेलंच उत्तर दिलं असतं. कारण विचारणाऱ्याच्या हातात शिक्का होता.

आणि सोडल्यावर? जिथून औषध मिळत होतं तिथे फोन केला. पलीकडून सांगितलं, बंद केलंय ना, मग आता आमच्याकडे काय काम? रक्ततपासणी किती महिन्यांनी, पाळी कधी येईल, मनाचं काय होईल, कोणाला माहीत नव्हतं. माघारी फिरलेल्या १०० जणांची एक पाहणी २०२१ मध्ये आली. त्यातल्या फक्त २४ जणांनी आपल्या डॉक्टरांना हे कळवलं होतं. मला अजिबात नवल वाटलं नाही. त्याच पाहणीत ५५ जण म्हणाले की सुरुवातीला आमची नीट तपासणी झाली नव्हती. तेही खरं असणार. कडक चाळणी आणि नीट तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मला सांगायचंय.

उंबरठा, भाच्याशी बोलाल तेव्हा समजवू नका. एकच गोष्ट कबूल करा. उद्या तू थांबलास, परत फिरलास, तर या घरात कोणीही ‘बघ, मी म्हटलं नव्हतं!’ असं म्हणणार नाही. हे ताईंकडूनही कबूल करून घ्या. आवाजापेक्षा ते अवघड आहे.

शब्दखोर

‘पस्तावायची चोरी.’ वाचनखूण साठवली.

रोखठोक

परतवाट, तुमचं नाव न घेता मी तुम्हालाच वापरत होतो, वरच्या पहिल्या प्रतिसादात. माफ करा.

काठावर

माझा एक वेडगळ प्रश्न. मी २० वर्षांचा/ची (दोन्ही लिहितोय, कारण ठरत नाहीये). सुरू करण्याआधी खात्री किती हवी? शंभर टक्के कोणाला असते का?

अस्तर

मला सत्तर होती. पण दर वर्षी विचारलंस तर वेगळा आकडा सांगेन.

परतवाट

मला शंभर होती, काठावर. म्हणून आकड्यावर जाऊ नकोस. ज्याच्यासमोर सत्तर म्हणता येईल असा डॉक्टर शोध.

नाडीपरीक्षा

आणि घाई नसेल तर औषधाविना करता येण्यासारखं बरंच आहे. नाव, कपडे, केस, मोजक्या लोकांत वेगळ्या सर्वनामाने वावरून बघणं. त्यातलं काहीही केलं म्हणजे पुढचं करायलाच हवं असं नाही. पूर्वी हार्मोनआधी वर्षभर असं उघडपणे जगून दाखवायची अट असायची. ती अट वाईट होती, लोकांना धोक्यात टाकायची. स्वतःच्या मर्जीने, स्वतःला जमेल तेवढं करून बघणं ही निराळी गोष्ट.

उंबरठा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय.

परवा भाच्याला भेटलो. (बोलताना तीनदा जीभ घसरली, त्याने एकदाच सुधारलं.) समजवायला आलोय असं धरून तो तयारीनिशी बसला होता. पाठ केलेलं सगळं पाच मिनिटांत घडाघडा म्हणून दाखवलं, अगदी लहानपणापासून. मी अस्तर यांचा प्रतिसाद आठवत ऐकत होतो. मग म्हटलं, अरे, माझ्याकडे शिक्का नाहीये. मी काही देऊ शकत नाही की अडवू शकत नाही. आता न पाठ केलेलं सांग.

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, मला आवाजाची भीती नाही. मला टक्कल नकोय. आजोबांसारखं." हसू आलं, पण तो गंभीर होता. त्यानंतर मात्र सुटला. बीजं गोठवावीत का याबद्दल त्याची दोन मतं आहेत आणि तो ती कोणाशी बोललाच नव्हता. डॉक्टरांशीसुद्धा नाही, कारण ‘आई व्हायचंय का’ असं विचारलं तर खेळ संपला, अशी त्याची समजूत. कमी डोसने सुरू करता येतं हेही माहीत नव्हतं. सुरू तो करणार आहे. तारीख दीड महिन्याने पुढे नेलीय, स्वतःच, बीजांचं ठरेपर्यंत.

परतवाट यांनी सांगितलेलं मी त्याला कबूल केलं. ताईशी बोलायला दोन संध्याकाळी गेल्या. ती म्हणाली, "मी असं कधी म्हणणार आहे का?" मी म्हटलं, तू ते आत्तापासूनच म्हणतेयस, फक्त आगाऊ. ती उठून आत गेली. तासाभराने बाहेर आली आणि विचारलं की ते गोठवायचं म्हणजे नक्की काय करतात, दुखतं का.

नाडीपरीक्षा, तेवढं सांगाल का? मला माहीत नव्हतं.